ताई, आधी कॅबिनेट उघडायला लावलंत म्हणून

ताई, सप्रेम नमस्कार.

चारचौघांत आभार मानलेले तुम्हाला रुचणार नाहीत, ठाऊक आहे. पण माझ्यासारखंच कुणी जुन्या कॉम्प्युटरसाठी नव्या भागांची यादी घेऊन बसलं असेल, म्हणून उघड लिहितोय.

विंडोज ११ साठी माझ्या कॉम्प्युटरचा २२००जी प्रोसेसर चालणार नव्हता. फोन केला तेव्हा यादी तयार होती: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, डीडीआर५ रॅम, नवा पॉवर सप्लाय. तुम्ही म्हणालात, "यादी राहू द्या, कॅबिनेट उघडा आणि मदरबोर्डवर काय लिहिलंय ते वाचा." बी४५० निघाला. म्हणजे रॅम आधीच्या पिढीची, डीडीआर४च; डीडीआर५ची खाचच वेगळ्या जागी. मग विचारलंत, "ग्राफिक्स कार्ड नाही, तर पडद्यावर चित्र कुठून येणार?" २२००जीमध्ये ग्राफिक्स आतच होतं, ५६००मध्ये नाही. एका 'जी'वरून फजिती व्हायची होती! ५६००जी ठरला. तोही जुन्यासारखाच ६५ वॅटचा, त्यामुळे पॉवर सप्लायवर काट मारली.

बायोसचं, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमचं, मात्र मला सुचलंच नसतं. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अपडेट करा, नाहीतर जुन्या बायोसला नवा ओळखूच येणार नाही, हे तुम्ही तीनदा बजावलंत. बोर्डाची रिव्हिजन (आवृत्ती) पाहून फाइल पेनड्राइव्हवर घेतली. ती टक्केवारी सरकत होती तेव्हा मी पंख्याच्या बटणालाही हात लावला नाही. त्याचा काही संबंध नाही, पण भीती ती भीती.

कूलरचंही तसंच. कॉम्प्युटर थोडा वेळ चालवून प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट नरम होऊ द्या, बंद करून स्क्रू काढा, मग कूलर वर न ओढता हलकेच फिरवा. या सॉकेटात (प्रोसेसर बसतो त्या जागेत) पिना प्रोसेसरलाच असतात. सुकलेल्या पेस्टने तो कूलरसोबत उपटून येतो आणि पिना वाकतात. माझा आला नाही.

रॅमची ८ जीबीची दुसरी स्टिक मी पहिलीला खेटून लावली होती. तुम्ही फोटो पाहून एवढंच लिहिलंत: "दुसरा आणि चौथा." म्हणजे रॅमच्या चार स्लॉटपैकी. आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, म्हणून रॅमचे दोन्ही चॅनेल (प्रोसेसरकडे जाणारे मार्ग) चालू झाल्यावर फरक डोळ्यांना दिसला.

जुना २२००जी डबीत जपून ठेवलाय, पिना सरळ आहेत. कुणी घाईत नवा प्रोसेसर बसवून काळ्या पडद्यासमोर अडकलं असेल, तर बायोस अपडेटपुरता न्यायला सांगा.

तुमचा ऋणी,
रात्री अकरानंतरही फोन करणारा