भाऊसाहेब, ती पत्रिका अजून जपून ठेवली आहे

आदरणीय भाऊसाहेब,
सादर नमस्कार.

नोंदवलेलं वाटणीपत्र काल हातात आलं. पेढे पाठवले असते तर तुम्ही परत केले असते, म्हणून हे पत्र. उघडच लिहितोय, कारण आमच्या राजापूरकडे निम्म्या घरांत हेच चाललेलं असतं.

आजोबा गेल्यावर तिन्ही मुलगे सातबाऱ्याला लागले, आत्याचं नाव मात्र बाजूच्या 'इतर हक्क' रकान्यात. पुढच्या पिढीत आम्ही अकरा खातेदार. आंब्याची कलमं कुणी उतरवायची, गणपतीत माजघर कुणाचं, यावरून अबोला. धाकटे काका तर दोन वर्षं गणपतीला आलेच नाहीत. आधी आत्याचं हक्कसोड पत्र घ्यायचं, मग वाटप, असं आम्ही भावांनी परस्पर ठरवलं. सांगायला लाज वाटते, पण कागद तिच्यापुढे ठेवताना पेनाचं टोपणही काढून ठेवलं होतं.

नेमके तेव्हाच तुम्ही नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आलात. कागद वाचलात आणि म्हणालात, "इतर हक्कात नाव म्हणजे हक्क कमी, हे कुणी सांगितलं? सातबारा महसुलासाठी असतो, मालकी त्यावर ठरत नाही." तलाठी म्हणून उभा जन्म त्या नोंदी घालण्यात गेलेला माणूस हे सांगत होता! हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी मुलाच्या बरोबरीने आली. त्या वेळी वडील हयात नसले तरी चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं, हेही तुमच्याकडूनच कळलं.

मग तुम्ही आत्याला विचारलंत, "ताई, तुम्हाला काय हवंय?" आम्हा अकरा जणांपैकी कुणी विचारलं नव्हतं.

"गणपतीला येते नि पडवीत पाहुणीसारखी निजते. एक खोली द्या. कुलूप माझं."

पत्रिकेच्या पाठीवर तुम्ही घर काढलंत: ओटी, माजघर, पडवी. पडवीकडच्या खोलीवर आत्याचं नाव, शेजारी तिची पाच कलमं. घराचं वाटणीपत्र नोंदवा, जमिनीसाठी सगळे राजी असाल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे अर्ज करा, नाहीतर दिवाणी कोर्टात नातवंडं तारखा घेत बसतील, असंही बजावलंत. चार वेळा मोजणीला उन्हात उभे राहिलात, एसटीचं भाडंही घेतलं नाहीत.

यंदा धाकटे काका आले. आत्याने स्वतःचं कुलूप आणलं होतं, पितळी, खोलीच्या मानाने भलतंच मोठं.

विहीर मात्र तुम्ही सामाईक ठेवायला लावलीत. पंपाच्या बिलावरून वाद सुरू झालाय. मे महिन्यात या.

आपला,
थोरल्यांचा नातू