रात्री मोजून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीत वाचण्या-ऐकण्याजोग्या अभिजात कादंबऱ्यांची यादी आली होती. हरि नारायण आपटे, साने गुरुजी, व्यंकटेश माडगूळकर, शिवाय ज्यूल व्हर्नसारखे परदेशी लेखक. निवडीबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. पण पुस्तकाचे नाव होते, लेखकाचे नाव होते, आवृत्ती कोणती घ्यावी याबद्दल एक अक्षरही नव्हते. मी एकतीस वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले आहे. जुन्या पुस्तकाच्या बाबतीत आवृत्तीची चौकशी सगळ्यात आधी करावी, असे मला अगदी मनापासून वाटते. एकाच नावाखाली दुकानात आणि मोबाइलवर जे जे मिळते ते एकच पुस्तक असते असे नाही.

याचा ताजा अनुभव गेल्या महिन्यातला आहे. माझ्या सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. काचबिंदूमुळे त्यांना आता छापील अक्षर दिसत नाही. साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ त्यांनी लहानपणापासून इतक्या वेळा वाचले आहे की पान उघडायची गरज नाही. मी त्यांना मोबाइलवर एक मोफत ऑडिओबुक शोधून लावून दिले. त्यावर ‘संपूर्ण’ असे स्पष्ट लिहिले होते. वाचणाऱ्या बाईंचा आवाज चांगला होता. दुपारी जेवण झाले की त्या रोज दोन-तीन रात्री ऐकायच्या (या पुस्तकात प्रकरणांना ‘रात्र’ म्हणतात). दहाव्या दिवशी मी गवार मोडत बसले होते, तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

“अगं, हे संपलं म्हणतंय. सगळ्या रात्री झाल्याच नाहीत.”

“आई, शेवट आला की त्यात.”

त्यांनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत मला मोजून दाखवले. “सव्वीस झाल्या. बेचाळीस आहेत.”

मी कपाटातली जुनी प्रत काढली. बेचाळीसच होत्या. म्हणजे सोळा रात्री गेल्या होत्या, आणि ज्या होत्या त्यांचीही सुरुवात तोडलेली होती. हे पुस्तक ज्यांनी वाचले आहे त्यांना ठाऊक असेल, श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो. मित्र जमतात, काही बोलतात, कुणी काही विचारतो, आणि मग श्याम सांगायला लागतो. ही मांडणी काढून टाकली की उरतात त्या सुट्या बोधकथा. गुरुजींनी या पुस्तकाचा बराचसा भाग नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, अवघ्या काही दिवसांत लिहिला. पुस्तक १९३५ साली आले. कुणीतरी सांगतो आहे आणि कुणीतरी ऐकते आहे, हाच त्याचा घाट. म्हणूनच ते ऐकायला इतके योग्य आहे, आणि ऐकण्याच्याच प्रतीत नेमके ऐकणारे कापले जावेत याचे मला फार वाईट वाटले. डोळस वाचक निदान पाने चाळून पाहू शकतो. ज्यांना दिसत नाही ते ‘संपूर्ण’ या एका शब्दावर विसंबतात.

असे का होते, तर त्याचे मूळ कायद्यात आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या लेखनावर हक्क राहतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती, ती १९९२ च्या दुरुस्तीने साठ झाली. साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले. साठ वर्षे पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात, म्हणून १ जानेवारी २०११ पासून त्यांची पुस्तके कुणालाही छापता येतात, वाचून ध्वनिमुद्रित करता येतात. ही चांगलीच गोष्ट आहे. पुस्तक स्वस्त झाले, खेड्यातल्या शाळेपर्यंत पोहोचले. पण हक्क संपल्यावर त्या मजकुराकडे बघणारेही कुणी राहिले नाही. आज हरिभाऊ आपटे, गुरुजी यांच्याबाबत हे होते आहे. २०३७ साली वि. स. खांडेकर आणि २०३९ साली ना. सी. फडके हक्कमुक्त होतील. तेव्हा खांडेकरांच्या ‘ययाति’च्या किती तऱ्हा निघतील याचा विचार आत्ताच केलेला बरा.

छापील आवृत्त्यांमधला दुसरा मोठा घोळ शुद्धलेखनाचा आहे, आणि तो माझ्या कामाचा असल्यामुळे जरा विस्ताराने लिहिते. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नवे नियम आले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘त्यानें’, ‘करतांना’ असे अनुस्वार भरपूर असत. ज्यांचा उच्चार होत नाही ते अनुस्वार नव्या नियमांनी काढून टाकले. पण सगळे नाही. अनेकवचनी नामाला प्रत्यय लागला की त्यावरचा अनुस्वार ठेवायचा असतो. ‘घरात’ म्हणजे एका घरात, ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांत. जुन्या लेखनात दोन्हीकडे ‘घरांत’च. त्यामुळे जुने पुस्तक नव्या लेखनात आणताना प्रत्येक अनुस्वारापाशी थांबून वाक्य वाचावे लागते. ‘हातांत’ म्हणजे एक हात की दोन्ही, हे मागचे-पुढचे वाचल्याशिवाय कळत नाही. आमच्या वेळी एका फर्म्याला, म्हणजे सोळा पानांना, पूर्ण दिवस जायचा.

आता हे काम संगणकावर शोधा-बदला करून मिनिटभरात उरकतात. एका नव्या आवृत्तीची पहिली चाळीस पाने मी पेन्सिल घेऊन वाचली. एकोणसाठ खुणा झाल्या. ‘मुलांना’चे ‘मुलाना’ झाले होते. ‘तिच्या डोळ्यात पाणी आले’ असे छापले होते, जणू एकाच डोळ्यात. काही ठिकाणी उलट, काढायचे अनुस्वार तसेच राहिलेले. आठवीतला मुलगा हे वाचतो आणि छापलेले आहे म्हणजे बरोबर आहे असे समजून लिहायला लागतो. त्याची चूक नाही.

मग जुन्या लेखनातली प्रत घ्यावी की नव्या? माझे मत असे आहे की मुलांना नव्या लेखनातलीच, पण नीट तपासलेली प्रत द्यावी. मोठ्यांनी हरिभाऊ एकदा तरी जुन्या छपाईत वाचावेत. ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यांच्याच ‘करमणूक’ साप्ताहिकात १८९० पासून क्रमशः आली. ती यमू स्वतः सांगते. त्या काळच्या पुण्यातल्या घरची बाई जशी बोलेल तशी ती बोलते, मध्येच थांबते, मागे जाते, पुन्हा सांगते. संक्षिप्त आवृत्तीत पहिला घाला पडतो तो या थांबण्यावर. कथानक शिल्लक राहते, यमू राहत नाही. आणि काही ठिकाणी तर जुना शब्द कळणार नाही म्हणून त्याजागी आजचा शब्द घातलेला मी पाहिला आहे, तोही कुठे न सांगता. कापण्यापेक्षा हे वाईट. कापलेले निदान शोधता येते. अवघड शब्दाचा अर्थ तळटीपेत द्यावा, लेखकाचा शब्द बदलू नये.

संक्षेपच नको असे मी म्हणत नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांपर्यंत आणला, आमच्या पिढीने तो त्यांच्याच भाषेत वाचला, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. ते रूपांतर होते आणि रूपांतर म्हणूनच हातात आले. त्याच व्हर्नची एक इंग्रजी गोष्ट सांगण्यासारखी आहे. समुद्राखालच्या प्रवासाची त्याची कादंबरी फ्रेंचमध्ये १८७० च्या सुमारास आली. तिचे लुईस मर्सिअर यांनी केलेले पहिले इंग्रजी भाषांतर १८७३ च्या आसपासचे. त्यात जवळजवळ पाव पुस्तक गाळले आहे. पोलादाची घनता पाण्याच्या ७.८ पट, असे मूळ वाक्य होते. भाषांतरात ती पाण्याच्या ०.७ ते ०.८ पट झाली. म्हणजे कॅप्टन निमोची पाणबुडी लाकडासारखी तरंगणाऱ्या पोलादाची! आणि हक्कमुक्त असल्यामुळे तेच भाषांतर वर्षानुवर्षे छापले गेले. आपल्या यादीत ‘इंग्रजीतून ऐकायचे असल्यास मोफत उपलब्ध’ असे लिहिले होते, म्हणून हे लिहिते. लिब्रिव्हॉक्ससारख्या मोफत ऑडिओबुकांच्या उपक्रमात स्वयंसेवक २००५ पासून फार मोलाचे काम करत आहेत. पण त्यांना हक्कमुक्त मजकूरच वाचता येतो, त्यामुळे परदेशी पुस्तक असेल तर भाषांतर बहुधा जुने असते. अनुवादकाचे नाव तिथे दिलेले असते, ते बघून मग ऐकावे.

मराठी ऑडिओबुकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आता नव्याने आली आहे, ती म्हणजे यंत्राचा आवाज. आपल्या लिपीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार एकाच अक्षराने लिहितात. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतले झ वेगळे. ‘जरा थांब’ यातला ज दातांशी लावून म्हणायचा. तोच ‘जीवन’मधल्या ज-सारखा टाळूला लावला तर ‘जरा’ म्हणजे म्हातारपण. मराठी माणसाला हे कुणी शिकवावे लागत नाही, यंत्र मात्र चुकते, आणि ‘चूल’ हा शब्द एकदा चुकीच्या च-ने कानावर पडला की पुढची दहा वाक्ये लक्ष लागत नाही. माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’सारखे पुस्तक असेल तर माणूसही नुसता मराठी असून पुरत नाही, माणदेशी बोली कानावरून गेलेला हवा. म्हणून घेण्याआधी नमुना पाच मिनिटे ऐकावाच, आणि तोही निवेदनाचा नको, संवादाचा.

माझी प्रकाशकांना आणि ऑडिओबुक काढणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे. पुस्तकाच्या सुरुवातीला जिथे प्रकाशकाचा पत्ता आणि साल छापतात, तिथे चार ओळी वाढवा. मजकूर संपूर्ण आहे की संक्षिप्त, कोणत्या जुन्या आवृत्तीवरून घेतला, लेखन बदलले असेल तर कोणी आणि किती. नुसते ‘सतरावी आवृत्ती’ लिहून काही कळत नाही, कारण मराठीत साध्या पुनर्मुद्रणालाही आवृत्तीच म्हणतात. ऑडिओबुकावर वाचणाऱ्याचे नाव, प्रकरणांची संख्या आणि आवाज माणसाचा की यंत्राचा हे लिहा. याला जास्तीचा खर्च नाही. आपणही पुढची यादी द्याल तेव्हा प्रत्येक पुस्तकापुढे प्रकरणे किती हे छापावे, संपादक महोदय. तेवढ्या एका आकड्याने वाचकाला दुकानात उभ्याउभ्या पडताळा घेता येईल. ‘श्यामची आई’चा मजकूर मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहावरही आहे, तिथे अनुक्रमणिका ताडून बघता येते.

राहिलेल्या सोळा रात्री सासूबाईंना मी स्वतः वाचून दाखवते आहे, रोज एक, कपाटातल्या त्या जुन्या प्रतीतून. मित्र जमतात तिथपासून. प्रतीचे कोपरे झडले आहेत, काही ओळींची शेवटची अक्षरे गेली आहेत. काल ‘पत्रावळ’ झाली. ओळ तुटते तिथे मी थांबते, आणि पुढचा शब्द त्या सांगतात.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक, सातारा