प्रॉमिस कार्डावर न मावणारी वचने

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

आपल्या धर्मविषयक सदरात बायबलमधले एखादे वचन अधूनमधून वाचायला मिळते, ते आवडते. मात्र त्या वचनाचे घरात, दुकानात, कचेरीत करायचे काय, याला सदरात क्वचितच जागा मिळते. आमच्या मंडळ्यांतही, म्हणजे चर्चमध्येही, ती मिळत नाही, त्यामुळे दोष एकट्या सदराचा नाही. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेनंतर कितीतरी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ‘प्रॉमिस कार्डे’ वाटली जातात. हाती येईल ते कार्ड घ्यायचे, त्यावरचे वचन ते आपले वर्षभराचे वचन. या कार्डांवर आशीर्वाद असतो, संरक्षण असते, भरभराट असते. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नको (बायबलमधले लेवीय हे पुस्तक, अध्याय १९, वचन १३), असे कार्ड सहसा कोणाच्या हाती लागत नाही.

या कार्डांतले सर्वांत लाडके वचन म्हणजे यिर्मया २९:११. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, असा देवाचा निरोप त्यात आहे. नोकरी, लग्न, परदेशी शिक्षण, सगळ्याला ते लावले जाते. पण तो एका पत्राचा मधला तुकडा आहे. ख्रिस्तपूर्व ५९७ मध्ये यरुशलेमेतून बाबेलला (बॅबिलोनला) नेलेल्या बंदिवानांना यिर्मया या संदेष्ट्याने ते पत्र पाठवले. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा ‘दोन वर्षांत सगळे परत येतील’ असे छातीठोक सांगतो आणि खोटा ठरतो. यिर्मया सांगतो ७० वर्षे (२९:१०). म्हणजे ज्यांच्या हाती पत्र पडले त्यांतले बहुतेक जण परतणार नव्हते. त्यांनी मधल्या काळात काय करायचे, तेही पत्रात आहे, वचने ५ ते ७ मध्ये: घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेले त्याचे हित साधा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. हे वचन ज्याला वर्षासाठी मिळाले त्याने आधी या तीन ओळी कराव्यात. बदली होऊन नको त्या गावी आलेल्याने ‘देव मला इथून कधी काढतो’ म्हणत बॅगा अर्ध्याच उघडून बसू नये. शेजाऱ्यांची नावे माहीत करून घ्यावीत, सोसायटीचा मेंटेनन्स वेळेवर भरावा, तिथल्या पाण्याच्या आणि शाळेच्या प्रश्नावर सभेला जाऊन बसावे.

फिलिप्पै ४:१३ ची गतही तीच. सामर्थ्य देणाऱ्याच्या बळावर मी सर्व काही करू शकतो, हे वचन परीक्षेच्या पॅडवर आणि खेळाच्या टी-शर्टवर असते. वरची दोन वचने वाचली तर कळते की हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल यशाबद्दल बोलतच नाही. तो कैदेत आहे, फिलिप्पैच्या मंडळीने पाठवलेल्या मदतीचे आभार मानतो आहे, आणि उपाशी राहणे व पोटभर जेवणे, टंचाई व विपुलता, दोन्हींत समाधानी राहायला मी शिकलो, असे सांगतो आहे. नापास झालेल्या मुलाला हे वचन पास झालेल्यापेक्षा जास्त लागू पडते. आपण ते नेमके उलटे वापरतो.

हे का होते? एक कारण छपाईतले आहे. बायबलची अध्यायवार विभागणी १३ व्या शतकातली, आणि आज चालणारे वचनांचे आकडे आणखी पुढचे. रोबेर एस्तियेन या मुद्रकाने नव्या करारात (बायबलच्या येशूपासून सुरू होणाऱ्या दुसऱ्या भागात) ते १५५१ मध्ये घातले. पौलाची पत्रे मंडळीत सबंध वाचून दाखवली जात (कलस्सै ४:१६). आकड्यांमुळे संदर्भ सापडणे सोपे झाले आणि वचन तोडून घेणेही. म्हणून पहिली पायरी अशी की ज्या पुस्तकातले वचन असेल ते पुस्तक छोटे असेल तर एका बैठकीत मोठ्याने वाचावे. फिलिप्पैच्या पत्राचे चारच अध्याय आहेत, पंधरा-वीस मिनिटे पुरतात. यिर्मयासारखे ५२ अध्यायांचे असेल तर निदान आधीचा आणि नंतरचा अध्याय वाचावा.

दुसरे कारण वाचनाच्या वेळापत्रकातले. १ जानेवारीला उत्पत्तीपासून रोज तीन अध्याय हा अनेकांचा नेम असतो. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० अध्याय मिळून ३० दिवस लागतात. निर्गमच्या २५ व्या अध्यायापासून निवासमंडपाची (उपासनेच्या तंबूची) मापे, पडद्यांच्या कड्या आणि फळ्यांची कुसे सुरू होतात, तिथे बहुतेकांचा दम संपतो. नेम टिकलाच तर ३१ जानेवारीला लेवीय सुरू होते आणि त्याचा १९ वा अध्याय ६ फेब्रुवारीला येतो. रोजच्या व्यवहाराला सर्वांत जवळचा असा हा अध्याय, आणि तोवर बायबलमधली खूण निर्गमातच अडकलेली! ज्याला नव्याने सुरुवात करायची त्याने नवा करार घ्यावा. त्यात २६० अध्याय आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज एक वाचला तर ५२ आठवड्यांत तो पुरा होतो, आणि शनिवार-रविवार राहिलेले भरून काढायला मोकळे राहतात. मोकळे दिवस नसलेला नेम पहिल्या तापात मोडतो.

वाचल्यावर वहीत चारच गोष्टी लिहाव्यात: हे कोणी कोणाला म्हटले, त्यात करायला काय सांगितले आहे, माझ्या बाबतीत ते कोणत्या माणसाशी निगडित आहे, आणि मी ते कोणत्या तारखेपर्यंत करीन. ‘मी अधिक प्रेमळ होईन’ हे वहीत लिहू नये. त्याची तारीख ठरत नाही, म्हणून ते होतही नाही. माणसाचे नाव आणि तारीख लिहिली की वचन टोचू लागते, आणि बहुतेक वह्या याच रकान्यापाशी कोऱ्या राहतात.

लेवीय १९ वरच हे करून पाहावे. मजुरी रात्रभर ठेवू नको, असे तिथे आहे. अनुवाद या पुस्तकातले २४:१४-१५ त्याचे कारण देते: तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीवर लागलेला आहे, म्हणून सूर्य मावळण्यापूर्वी दे. याकोब ५:४ मध्ये अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते. आज याचा अर्थ घरकामाच्या बाईंच्या पगाराची तारीख ठरवणे. १ तारीख रविवारी येत असेल तर शनिवारी द्यावा. आपण गावी गेलो म्हणून त्या दिवसांचे पैसे कापू नयेत. सुट्टी आपण घेतली, त्यांनी नाही. रंगाऱ्याचा, सुताराचा शेवटचा हप्ता ‘बघू, काम टिकते का’ म्हणून महिनोन्‌महिने लटकवू नये. काही रक्कम राखून ठेवायचीच असेल तर किती आणि किती दिवस, हे काम सुरू होण्याआधी ठरवावे. त्याच अध्यायात (१९:३५-३६) खरी तराजू आणि खरी वजने येतात. दुकानदाराने ते स्वतःच्या काट्यापासून सुरू करावे.

शेताच्या कडा पुरत्या कापू नका, सरवा (कापणीत गळालेली कणसे) गोळा करू नका, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या (१९:९-१०), याचे आपण भलतेच रूप करतो. कालची भाजी आणि विटलेले कपडे कामवाल्या बाईंना देऊन ‘सरवा ठेवला’ असे समाधान मानतो. सरवा म्हणजे उरलेसुरले नव्हे. मालक खातो तेच ताजे धान्य, त्याच हंगामातले, आणि वेचणारा ते स्वतःच्या कष्टाने, ताठ मानेने घरी नेतो. पगारदाराला शेत नसेल, तर भाजीवालीशी शेवटच्या पाच रुपयांवरून घासाघीस न करणे हे त्याच्या जास्त जवळ जाते.

विश्रांतीच्या आज्ञेचेही तसेच. अनुवाद ५:१४ मध्ये चाकरालाही तुझ्यासारखा विसावा मिळावा, असे स्पष्ट आहे. रविवारी उपासनेहून आल्यावर पाहुण्यांसह बिर्याणीचा बेत असतो आणि घरातली बाई दुपारी तीनपर्यंत ओट्यापाशी उभी असते. तो शब्बाथ, तो विसाव्याचा दिवस, नेमका कोणाचा? शनिवारी रात्री वाटण कोण करणार आणि रविवारी भांडी कोण घासणार, एवढे ठरले तरी ही आज्ञा पाळायला सुरुवात होते.

मंडळीतल्या भांडणांबद्दल जरा विस्ताराने लिहायला हवे, कारण इथे वचनाचा उपयोग कमी आणि दुरुपयोग जास्त होतो. मत्तय १८:१५-१७ मध्ये क्रम दिला आहे. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने त्याच्याकडे जा. ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर ने. तरीही नाही तर मंडळीला सांग. प्रत्यक्षात तिसरी पायरी पहिली होते: तक्रार आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येते किंवा थेट पंचांच्या सभेत. तिथे समोरच्याला अब्रू वाचवायची असते, त्यामुळे तो कबूल करण्याऐवजी उलट आरोप करतो. पहिल्या भेटीला जाताना एकच घटना घ्यावी, जुन्या दहा नव्हेत. फोनवर किंवा मेसेजने करू नये. दुसऱ्या पायरीला नेलेली माणसे आपल्या बाजूची नसावीत. अनुवाद १९:१५ मधल्या दोन-तीन साक्षीदारांचा नियम इथे आला आहे आणि साक्षीदाराने दोघांचेही ऐकायचे असते. जिथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमतात (१८:२०), हे वचन प्रार्थनासभेला माणसे कमी आली की आठवते. तेही याच प्रकरणातले आहे.

या क्रमाला एक ठाम मर्यादा आहे. घरातली मारहाण किंवा मुलांवरचा लैंगिक अत्याचार असेल तर ‘आधी एकट्याने भेट’ असे पीडिताला सांगणे हा गुन्ह्याला आसरा देणे आहे. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्याने पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे, आणि त्यातून पाळक (मंडळीचे धर्मगुरू) किंवा पंच सुटत नाहीत. भावाने भावाला न्यायालयात खेचू नये, हे १ करिंथ ६ पुढे करून तक्रार दाबली जाते. तो अध्याय आपसातल्या देण्याघेण्याच्या दाव्यांविषयी बोलतो. आणि मत्तय १८ च्या सुरुवातीलाच लहान लेकराला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याचे वचन येते (१८:६), ते वाचून मगच पंधराव्या वचनाकडे यावे.

दानाबद्दल थोडक्यात. दशमांश (मिळकतीचा दहावा भाग) नेमाने देणारे पुष्कळ आहेत. पण आईवडिलांना द्यायचे ते ‘कुर्बान’ म्हणून देवाला वाहिले, अशी पळवाट काढणाऱ्यांना येशूने कडक शब्दांत सुनावले आहे (मार्क ७:९-१३). म्हाताऱ्या आईच्या औषधांचा महिन्याचा खर्च आधी काढून ठेवावा, मग मंडळीचे पाकीट भरावे. वर्गणीसाठी पौलाची सूचना सोपी आहे: दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी, मिळकतीच्या मानाने, थोडे बाजूला ठेवत जा (१ करिंथ १६:२), म्हणजे शेवटी धावपळ होत नाही.

या सगळ्याने आपल्यात काही वाढ झाली का, हे स्वतःला विचारून कळत नाही. गलती ५:२२-२३ मधली प्रीती, सहनशीलता, ममता, सौम्यता ही फळे दुसऱ्याच्या वाट्याला येतात. तेव्हा वर्षातून दोनदा घरच्यांना आणि हाताखालच्या माणसाला विचारावे, आणि उत्तर मिळताना मध्ये बोलू नये.

आपल्या सदरासाठी दोन विनंत्या. वचनाखाली एकच आकडा न छापता वाचायचा पूर्ण भाग छापावा. ‘यिर्मया २९:११’ ऐवजी ‘यिर्मया २८ आणि २९:१-१४’. आणि ‘चौथी आज्ञा’, ‘पाचवी आज्ञा’ असे लिहिणे टाळावे. दहा आज्ञांची गणना प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक परंपरांत सारखी नाही. अहिल्यानगरच्या प्रॉटेस्टंट वाचकाला चौथी आज्ञा म्हणजे शब्बाथ, तर वसईच्या कॅथलिक वाचकाला आईवडिलांचा मान. त्याऐवजी निर्गम २०:८ किंवा २०:१२ असे लिहिले की दोघेही एकच पान उघडतील.

आपला,
एक वाचक, अहिल्यानगर