इन्स्टंट कॅमेरा घेण्याआधी फिल्म ठरवावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई जवळ आली की सांगलीच्या बाजारात इन्स्टंट कॅमेऱ्यांची, म्हणजे फोटो काढताच त्याची प्रत बाहेर देणाऱ्या कॅमेऱ्यांची, चौकशी सुरू होते. हळदीला आलेल्या पाहुण्यांच्या हाती निघताना फोटो द्यायची पद्धत मला मनापासून आवडते, आणि म्हणूनच या खरेदीत होणारी दिशाभूल खटकते. ग्राहक कॅमेऱ्याचा रंग पाहतात, दुकानदार सवलत सांगतात आणि त्यात कोणती फिल्म लागते हा प्रश्न पैसे दिल्यानंतर निघतो. वास्तविक फोटोचा आकार, त्याचे रंग आणि पुढचा सगळा खर्च फिल्मवर अवलंबून असतो. शिवाय एका कंपनीची फिल्म दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यात सहसा चालत नाही.

निवड मुख्यतः फुजीफिल्मची इन्स्टॅक्स आणि पोलरॉइड यांच्यात असते. एडविन लँड यांच्या पोलरॉइडचा पहिला कॅमेरा १९४८ मध्ये विक्रीस आला, तर इन्स्टॅक्स १९९८ मध्ये. पोलरॉइडने २००८ मध्ये इन्स्टंट फिल्म बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा नेदरलँड्समधील एन्शेडे येथील कारखाना काही जाणकारांनी वाचवला. पण जुनी रसायने मिळेनाशी झाल्यामुळे त्यांना फिल्म जवळजवळ नव्याने घडवावी लागली. त्या जिद्दीबद्दल मला अतिशय आदर आहे. तरीही सांगलीच्या हवेत कोणती फिल्म टिकेल, हे आदरावरून ठरवता येत नाही.

पोलरॉइडची फिल्म १३ ते २८ अंश सेल्सिअस तापमानात वापरावी, असे कंपनीच सांगते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे ऐन लग्नांच्या दिवसांत, दुपारचा पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि पत्र्याच्या मांडवाखाली तर विचारायलाच नको. अशा उष्णतेत फोटोवर पिवळसर-तांबूस झाक येते. शिवाय कॅमेऱ्यातून बाहेर पडताच फोटो उजेडापासून झाकावा लागतो आणि रंगीत फोटो पूर्ण उमटायला दहा-पंधरा मिनिटे जातात. इन्स्टॅक्सची मर्यादा ५ ते ४० अंश असून तिचा फोटो दीड-दोन मिनिटांत दिसू लागतो. एका पाकिटात तिचे दहा फोटो निघतात, पोलरॉइडचे आठ, आणि पोलरॉइडचा प्रत्येक फोटो कितीतरी महाग पडतो. त्यामुळे उन्हाळ्यातल्या कार्यासाठी माझे मत निःसंशय इन्स्टॅक्सच्या बाजूने आहे. त्यातही इन्स्टॅक्सच्या मिनी या लहान फिल्मचे चित्र अवघे ६२ बाय ४६ मिलिमीटरचे असल्याने एकत्र कुटुंबाचे चेहरे त्यात ओळखूसुद्धा येत नाहीत. अशा घरांनी ९९ बाय ६२ मिलिमीटरच्या वाइड फिल्मचा विचार करावा.

याचा अर्थ पोलरॉइड घेऊ नये असा नाही. हिवाळ्यातल्या सकाळी कृष्णेच्या घाटावर, कोवळ्या उन्हात, तिच्या मोठ्या चौकोनी फोटोला जो मऊपणा येतो, तो मला इन्स्टॅक्समध्ये आढळत नाही. मात्र तिच्यातही पोटभेद आहेत. ६०० आणि एसएक्स-७० या फिल्मच्या पाकिटातच कॅमेरा चालवणारी बॅटरी असते, आय-टाइपमध्ये नसते. त्यामुळे घरातल्या जुन्या ६०० कॅमेऱ्यात आय-टाइपचे पाकीट बसते, पण कॅमेरा चालतच नाही.

दुकानदारांना माझी विनंती आहे की, कॅमेरा दाखवतानाच त्याला लागणारी फिल्म, एका फोटोचा खर्च आणि पाकिटावरची मुदत ग्राहकाला सांगावी. शहरातील एका दुकानात फिल्मची पाकिटे दर्शनी काचेमागे भर उन्हात मांडलेली मी पाहिली आहेत. ती थंड जागी ठेवणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. घरी पोलरॉइडची न उघडलेली पाकिटे फ्रिजमध्ये ठेवावीत, फ्रीझरमध्ये कधीही नाही, आणि वापरण्याच्या बरेच आधी बाहेर काढावीत.

आणखी एक गोष्ट दोन्ही फिल्मना लागू आहे. या फोटोंची निगेटिव्ह नसते, त्यामुळे हातातली प्रत हीच एकमेव प्रत. २०१९ च्या महापुरात आपल्या शहरातील किती घरांचे अल्बम पाण्यात गेले, हे वाचकांना सांगायला नको. म्हणून प्रत्येक इन्स्टंट फोटो त्याच आठवड्यात स्कॅन करून ठेवावा, एवढी सूचनाही विक्रेत्यांनी बिलावर छापली तर त्यांना फारसा खर्च येणार नाही.

आपला विश्वासू,
एक छायाचित्रकार वाचक,
विश्रामबाग, सांगली