धर्म सापडला, ख्रिस्त राहिला

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. फोनच केला असता, पण फोनवर तू नुसतं "हो आई, हो आई" करतोस आणि मग नेमकी तुझी मीटिंग सुरू होते. म्हणून लिहायला बसले.

नोकरी बरी आहे, मित्र आहेत, तब्येतीची तक्रार नाही, तरी आतून रितं रितं वाटतं, असं तू लिहिलंस. उपासनेला जाऊन बसलं की ते कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. आणि शेवटी, "आता 'प्रार्थना कर' एवढंच सांगू नकोस." बरं, नाही सांगत.

आधी एक व्यवहाराचं. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, तर हे पत्र बाजूला ठेव आणि डॉक्टरकडे जा. मनाचे आजार असतात, त्यांवर उपचारही असतात, आणि ते घेतले म्हणून विश्वास कमी पडला असं काही होत नाही. पण तुझ्या लिहिण्यावरून मला तसं वाटलं नाही. तू जे सांगतोयस ते फार जुनं दुखणं आहे.

बायबलमधलं बेचाळिसावं स्तोत्र काढ. पाण्यासाठी लुलपणारी हरिणी आहे ते. आपण ते इतक्यांदा म्हटलंय की त्यातली तक्रार आता कानावर पडतच नाही. तो माणूस म्हणतो, रात्रंदिवस माझी आसवंच माझं अन्न झाली आहेत आणि लोक मला विचारतात, कुठं आहे तुझा देव? हे कुणा नास्तिकाचं बोलणं नाही. सणाच्या दिवशी लोकांचा मेळावा घेऊन, स्तुती गात देवाच्या घराकडे निघणारा हा माणूस. म्हणजे चर्चमधल्या अगदी पहिल्या बाकावरचा! एकूण 150 स्तोत्रं आहेत, त्यांतली कितीतरी अशीच गाऱ्हाणी आहेत. पवित्र शास्त्रातून ती कुणी वगळली नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं.

पंडिता रमाबाईंचं नाव तू लहानपणापासून ऐकतोयस. मुक्ती मिशन, विधवांसाठीचं काम, बायबलचं भाषांतर, एवढं पाठ असेलच. त्यांच्या शोधाबद्दल मात्र सहसा कुणी बोलत नाही. वडील अनंतशास्त्री सगळं बिऱ्हाड घेऊन तीर्थामागून तीर्थ पायी फिरायचे, पुराणं सांगायचे. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ तसेच चालत राहिले. देवासाठी इतकी पायपीट केलेलं माणूस विरळाच. पुढे 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. तिथं लंडनमधल्या फुलहॅमला, जगानं टाकून दिलेल्या बायकांना सांभाळणारं सिस्टरांचं, म्हणजे धर्मभगिनींचं, एक घर त्यांनी पाहिलं. या बायकांसाठी तुम्ही इतकं का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तर म्हणून एका सिस्टरनं योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला, शोमरोनी बाईचा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रमाबाईंनी इंग्लंडमधल्याच वाँटेज गावी बाप्तिस्मा घेतला.

आपल्याकडे ही गोष्ट इथंच संपवतात. रमाबाईंनी नाही संपवली. आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठएक वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडलाय, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त काही सापडलेला नाही. ज्या बाईनं या बाप्तिस्म्यापायी आपल्या समाजाचा रोष ओढवून घेतला होता, तिचं हे बोलणं. "आलेय खरी, पण अजून भेट झालेली नाही," हे कबूल करायला केवढं धाडस लागत असेल! आणि मग पुढे ती भेट झाली, हेही त्यांनी तितक्याच मोकळेपणानं लिहून ठेवलं.

तुझं तर आणखीच अवघड. ख्रिस्ती असणं तुला आडनावासारखं मिळालं. लहानपणी बाप्तिस्मा, मग संडे स्कूलची बक्षिसं, मग दृढीकरण (मोठेपणी चर्चमध्ये विश्वास पक्का केल्याचा विधी), सगळं वेळच्या वेळी. त्यामुळे तुला वाटतं, यात मिळण्यासारखं होतं ते मिळून चुकलंय. मला नाही तसं वाटत.

तो चौथा अध्याय पुन्हा एकदा वाच, पण संडे स्कूलच्या चित्रासारखा नको. भर दुपारची वेळ. येशू चालून दमलेला, विहिरीवर टेकलेला. शिष्य खायला आणायला गेलेत. एक बाई पाणी भरायला येते आणि आधी तोच तिच्याकडे पाणी मागतो. तिला नवल वाटतं, कारण यहूदी शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत. हा जिवंत पाण्याच्या गोष्टी करायला लागतो तेव्हा ती रोखठोक सांगते, तुमच्याजवळ पोहरा नाही आणि विहीर खोल आहे. मला ही बाई आवडते. पुढे तो तिच्या पाच नवऱ्यांचा विषय काढतो. झालं, ती लगेच वळण घेते: आमचे पूर्वज या डोंगरावर उपासना करायचे, तुम्ही म्हणता यरुशलेमेत करावी, खरं कुणाचं? बोलणं अंगाशी आलं की आपणही धर्मावर वाद घालतो ना, तसंच. तो वादाला उत्तर देतो, पण तिला सोडत नाही. शेवटी ती घागर तिथंच टाकून गावात पळते आणि लोकांना सांगते, चला, मी केलेलं सगळं ज्यानं मला सांगितलं तो माणूस बघा. (त्यानं मागितलेलं पाणी त्याला मिळालं की नाही, हे योहान सांगतच नाही!)

तिची एकही अडचण सुटलेली नाही. गाव तेच, लोक तेच. मग तिला मिळालं काय? सगळं ठाऊक असूनही जो उठून गेला नाही, असा कुणीतरी. आपल्याला देवाची ओढ लागते आणि आपण त्याला शोधत निघतो, असं आपण समजतो. इथं तर ती पोहोचायच्या आधीच तो येऊन बसलाय. तुझ्या आतलं ते रितेपण मला त्याचीच हाक वाटते. तू आता ते भरायच्या खटपटीत आहेस. मी म्हणते, जरा थांब आणि हाक मारणाऱ्याकडे बघ.

येशूला स्वीकारलं की बढती मिळेल, दुखणी पळतील, मन सदैव आनंदी राहील, असं सांगणारे उपदेशक तुला मोबाईलवर ढिगानं सापडतील. त्यांच्या नादी लागू नकोस. ज्यानं स्वतः क्रुसावर "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" म्हणून हाक मारली, त्याच्या नावानं हा बाजार मांडायचा म्हणजे कमाल आहे.

आणि अनुभव सगळ्यांना सारखा येत नाही. तुझ्या गणितातल्या पास्कलला 23 नोव्हेंबर 1654 च्या रात्री असं काही दर्शन झालं की त्यानं "अग्नी" असा शब्द लिहून पुढे ते टिपून ठेवलं आणि तो कागद कोटाच्या अस्तरात शिवून टाकला. तो मेल्यावरच ते घरच्यांना कळलं. उलट मदर तेरेसांची पत्रं 2007 साली छापून आली तेव्हा जग चकित झालं, कारण कित्येक वर्षं त्यांना आत नुसता अंधार जाणवत होता. तरी पहाटेची प्रार्थना आणि रोगी माणसांची सेवा सुटली नाही.

माझं विचारशील तर ना अग्नी, ना तसा अंधार. आजीच्या शेवटच्या आजारपणात रात्री तिच्या उशाशी बसायचे तेव्हा प्रार्थनेला शब्द सुचत नसत. तिचा श्वास अडकत अडकत चालायचा, मी तिचा हात धरून नुसतं म्हणायचे, "प्रभू, तू आहेस ना." उत्तर कधी कानावर आलं नाही. पण त्या खोलीत आपण दोघीच आहोत, असं मला कधी वाटलं नाही. याहून मोठा पुरावा माझ्याकडे नाही आणि मला तो लागतही नाही.

"प्रार्थना कर" म्हणणार नव्हते, पण मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातल्या बापाचं वाक्य तुला द्यायला हरकत नाही. आजारी मुलाला घेऊन आलेला तो बाप म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. येशूनं त्याला आधी विश्वास पक्का करून ये, असं सांगितलं नाही. पोराला बरं केलं. एवढंच खरं बोलता आलं तर एवढंच बोल.

आणि रविवारच्या त्या एका तासावर सगळी भिस्त ठेवू नकोस. रमाबाईंनी आधी त्या घरातलं काम पाहिलं, अध्याय नंतर ऐकला. एखाद्या रुग्णाजवळ बस, कुणा पोराला शिकव. भुकेल्याला, आजाऱ्याला, तुरुंगातल्याला जे करता ते मलाच करता, असं प्रभू म्हणाला. मग शोधायचं तर तिथंही शोधावं की! उपासनेत गीत म्हणवत नसेल तर म्हणू नकोस, गप्प बस. शेजारचे म्हणतायत तुझ्या वाटचं.

पुढे मोठा ख्रिस्ती संत झालेल्या ऑगस्टिनची आई मोनिका ठाऊक आहे ना? तिला चकवून पोरगा रातोरात जहाजानं रोमला पळाला, तर ही समुद्र ओलांडून त्याच्यामागे इटलीत गेली. 387 साली त्याचा बाप्तिस्मा डोळ्यांनी पाहिला तेव्हाच तिला चैन पडलं. घाबरू नकोस, मी येत नाही. रोज तुझं नाव घेते, ते मात्र घेणारच.

चौथा अध्याय वाचलास की कळव. पटला नाही तरी कळव. बाबांना वाद घालायला हल्ली कुणी मिळत नाही.

तुझी,
आई