मुक्ता, खुलासा देण्याआधी

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू न जेवता गेलीस. आईने तुझं ताट झाकून ठेवलं होतं, रात्री साडेदहाला मीच ते जेवलो. फोन तीनदा हातात घेतला, पण फोनवर माझा आवाज चढतो. म्हणून लिहितो. सचिन उद्या बोरिवलीला येतोय, त्याच्याकडे देईन.

कर्व्यांवरच्या तासावरून कॉलेजने तुला नोटीस देऊन खुलासा मागितला, त्यावर "माफी मागून मोकळी हो" असं मी म्हणालो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तुझा वर्ग नव्हता, एप्रिल होता. तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक पैशांवर शिकवणाऱ्या माणसाला काढावं लागत नाही. जूनमध्ये बोलावलं नाही की झालं. चार वर्षं तू दर उन्हाळ्यात तीच फाइल घेऊन मुलाखतीला जातेस, दिवाळीच्या सुट्टीत हातात काही पडत नाही. तू कायम नाहीस, मुक्ता. हे आज पुन्हा लिहायचं नाही असं ठरवूनच बसलो होतो.

तुला नानांचं माहीत आहे. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी नववीत होतो. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत नाना होते. घरातली पितळी भांडी एकेक करून मोडीत गेली, शेवटी तांब्याचा बंब गेला. मोरीत तो जिथे ठेवलेला असायचा तिथे काळा गोल राहिला होता. आजी कितीतरी महिने तो विटेच्या तुकड्याने घासायची, जायचा नाही. कुणाच्या नोकरीचं काही निघालं की मला तो गोल दिसतो. नाना चुकले असं मी कधीच म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही.

मंगळवारी दादरला ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसलो. ज्या तासावरून तुला नोटीस आली, तो विषय नीट वाचून काढला. र. धों. कर्वे विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, आणि त्याच कामापायी 1925 मध्ये त्यांची प्राध्यापकी गेली. पुढे 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, म्हणजे मरेपर्यंतच. अश्लीलतेचे खटले झाले, त्यातल्या 1934 च्या खटल्यात बाबासाहेब त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि तरी निकाल विरुद्ध गेला. शंभर वर्षांनी याच माणसाबद्दल वर्गात बोलली म्हणून माझ्या मुलीला 'अश्लील' शब्द लिहिलेला कागद येतो! वाचता वाचता मला संताप आला. रविवारी तुझ्यासमोर यायला हवा होता तो.

अमेरिकेतल्या प्राध्यापकांचं 1940 चं निवेदन तू मागे मला समजावून सांगितलं होतंस. आपला विषय वर्गात शिकवायची शिक्षकाला मोकळीक, पण विषयाशी संबंध नसलेले वाद त्याने वर्गात आणू नयेत. तुझा पेपर महाराष्ट्रातल्या समाजसुधारणेचा. त्यात कर्वे नाहीत तर कोण? खुलाशात हेच पहिलं लिही. वर्गातल्या त्या मुलाने केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये पन्नास मिनिटांतली दोनच मिनिटं आहेत हेही लिही, आणि त्या तासाची टिपणं जोड.

पण एक गोष्ट मला खुपते. जाताना दारात तू म्हणालीस, "त्या मुलाला मी बघून घेईन." मुक्ता, त्याचे अंतर्गत गुण तुझ्या हातात आहेत. त्याने चोरून रेकॉर्डिंग केलं, ते चूकच. पण त्याला तुझं म्हणणं पटलं नाही, हा त्याचाही हक्क आहे. त्याची असाइनमेंट दुसऱ्या कुणाला तरी तपासायला दे, तसं विभागप्रमुखांना लेखी कळव. वर्गात हात वर केला तर त्याला आधी बोलू दे. तुला मोकळं बोलता यावं असं वाटत असेल, तर तुझ्यासमोर त्यालाही बोलता आलं पाहिजे. झालं, पुन्हा व्याख्यान सुरू झालं माझं. राग मानू नकोस. तू रागाच्या भरात बोललीस हे मला कळतं.

हे सांगायला मला तोंड नाही, म्हणूनही सांगतो. तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. आमच्या रसायनशास्त्राच्या एका सरांनी प्रॅक्टिकलचे गुण वरून सांगून वाढवायला लावतात असं स्टाफ मीटिंगमध्ये उघड म्हटलं. आठवड्याभरात ऑफिसातून आम्हा लॅबवाल्यांपुढे एक कागद आला: सरांचं वागणं बरोबर नसतं. मी सही केली. तेव्हा मीही कायम नव्हतो. दुसऱ्या दिवशी सरांनी नेहमीसारखं माझ्याकडे ब्युरेट मागितलं, उजेडात धरून पाहिलं आणि "छान धुतलंयस" म्हणाले. त्यांना सगळं माहीत होतं. पुढच्या टर्मला ते नव्हते. आईलाही हे मी या रविवारी, तू गेल्यावर सांगितलं.

तू विसरलेला चष्मा द्यायला मी कॉलेजात आलो होतो, आठवतं? मी दहा मिनिटं दाराबाहेर उभा होतो. एका मुलीने काहीतरी विचारलं, तू म्हणालीस, "मला नक्की माहीत नाही, शुक्रवारी बघून सांगते," आणि फळ्याच्या कोपऱ्यात तो प्रश्न लिहून ठेवलास. गाडीत बसून परळपर्यंत मी तेच आठवत होतो. आमच्या घराण्यात कॉलेजात शिकवणारी तू पहिली. आत्याने तर सोसायटीभर सांगितलंय. म्हणूनच भीती वाटते, काय करू. एप्रिल काही डोक्यातून जात नाही.

माफी मागू नकोस. जे बोललीच नाहीस ते कबूलही करू नकोस. सात दिवसांची मुदत सोमवारी संपते, शनिवारी घरी ये, आपण मसुदा वाचू. सोमवारी मीही तुझ्याबरोबर येतो, बाहेर बाकावर बसेन. दोन प्रती ने. एक दे आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नकोस. "उद्या या" म्हणाले तरी हलू नकोस.

तुझे,
बाबा