'मी' लिहायला सुरुवात कुठून करायची?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या शिक्षणाच्या पुरवणीत परदेशी शिक्षणावर बरंच येतं, फी किती, व्हिसाची मुलाखत कशी, स्कॉलरशिप कुठे, मी ती कात्रणं जपून ठेवते आणि ज्यांची मुलं त्या वाटेवर आहेत त्यांना देते. पण एका गोष्टीवर कधी वाचायला मिळालं नाही म्हणून हे पत्र. बारावीनंतर अमेरिकेत डिग्रीला जायचं तर मार्कांसोबत स्वतःबद्दल एक निबंध द्यावा लागतो, आणि आपली हुशार हुशार मुलं त्या निबंधापाशी येऊन महिना-महिना बसून राहतात. इंग्रजी कच्चं असतं असं नाही हो, इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं असतं त्यांचं. पहिलं वाक्यच सुचत नाही.

मी २६ वर्षं ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवलं, निबंधांचे गठ्ठेच्या गठ्ठे तपासले. यंदा माझी भाची अर्ज करत होती. ऑगस्टच्या शेवटी ताईचा फोन आला, पोरगी रोज रात्री लॅपटॉप उघडून बसते, दोन ओळी लिहिते, पुसते आणि झोपते, तू जरा बघ ना. तेव्हा मी हे सगळं पहिल्यांदा नीट समजून घेतलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॉमन ॲप नावाचा एकच ऑनलाइन अर्ज असतो, तिथली हजाराच्या वर कॉलेजं तो घेतात, दरवर्षी १ ऑगस्टला नवीन वर्षाचा अर्ज उघडतो. त्यात मुख्य निबंध एकच, कमीत कमी २५० आणि जास्तीत जास्त ६५० शब्द, म्हणजे हाताने लिहिलं तर फुलस्केपची दोन-अडीच पानं. सात विषय देतात. कधी अपयश आलं का, कुठल्या समजुतीवर प्रश्न विचारलात का, कुणाबद्दल कृतज्ञता वाटली, कशात रमलं की वेळेचं भान राहत नाही, असे, आणि सातवा म्हणजे तुम्हाला वाटेल तो विषय. तोच निबंध तुम्ही निवडलेल्या सगळ्या कॉलेजांना जातो. कॅलिफोर्नियाच्या सरकारी युनिव्हर्सिटीचा अर्ज वेगळा, तिथे आठ प्रश्नांतले चार निवडून प्रत्येकाला ३५० शब्दांपर्यंत लिहायचं. लवकर अर्ज करायचा तर बऱ्याच कॉलेजांची तारीख १ नोव्हेंबर असते, म्हणजे आपल्याकडे गणपती, सहामाही, दिवाळी हे सगळं चालू असताना हे लिहायचं.

आता आपल्या मुलांनी आयुष्यात निबंध कुठले लिहिलेत ते बघा. फाटक्या पुस्तकाचं मनोगत, पाऊस पडला नाही तर, माझा आवडता ऋतू. मनोगत लिहिलं तर नदीचं, घड्याळाचं, शाळेच्या घंटेचं, पण स्वतःचं कधीच नाही. आणि 'माझी आई' लिहायला दिलं तर चाळीस वह्यांमध्ये एकच आई, पहाटे उठणारी, सगळ्यांसाठी राबणारी, कारण ती गाइडातली आई असते. ह्यात मुलांची चूक नाही. आम्हीच त्याला मार्क दिले, मी पण दिले, आणि त्याचं मला आता वाईट वाटतं. दहावीला टक्के, बारावीनंतर सीईटीचे पर्सेंटाइल, कॅप राउंडची लिस्ट, ह्या सगळ्या रस्त्यावर मुलाला एकदाही कुणी विचारत नाही की बाळा तू कोण आहेस, तुझ्या डोक्यात काय चालतं. सतरा वर्षं न विचारता एकदम विचारलं, तेही परक्या भाषेत आणि शब्द मोजून, तर पोरं गांगरणारच.

भाचीने लिहिलेल्या चार सुरुवाती तिने मला दाखवल्या. पहिली 'लहानपणापासून मला गणिताची आवड आहे'. दुसरी एका थोर माणसाच्या वाक्याने सुरू होत होती. तिसरी तिच्या आठवीतल्या विज्ञान प्रदर्शनाच्या बक्षिसाची. आणि चौथी पुराची.

ह्या चौथीबद्दल सविस्तर सांगते. आम्ही सांगलीचे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट, अर्धं गाव पाण्यात होतं ते सगळ्यांना आठवत असेल. भाची तेव्हा सहावीत. तिने फी भरून जे काउन्सेलर लावले होते (नाव सांगत नाही) त्यांनी सांगितलं की पूर घे, पूर स्ट्राँग आहे, संकटातून उभं राहिलेली मुलगी असं दिसेल. तिने लिहायला घेतलं आणि तिला लिहिता येईना. मला म्हणाली, "मावशी, आम्ही तर तेव्हा विश्रामबागेत मामाकडे होतो, तिथे पाणी आलंच नाही, आम्ही पत्ते खेळत होतो. ज्यांचं घर गेलं त्यांचं दुःख मी माझं म्हणून कसं लिहू?" मला इतका आनंद झाला ते ऐकून. म्हटलं, हे तुला ज्या अर्थी खुपतंय त्या अर्थी तुला लिहिता येतंय, फक्त तू चुकीच्या ठिकाणी उभी आहेस.

मग मी तिचा लॅपटॉप आठवडाभर बंद करायला लावला. सातही विषयांची यादी पण बाजूला ठेवली, कारण विषय आधी निवडला की मूल त्या विषयाला शोभेल असं काहीतरी शोधायला लागतं, खरं तर आधी आपल्याकडे काय आहे ते बघायचं आणि मग ते कुठल्या प्रश्नात बसतं ते बघायचं, आणि नाहीच बसलं तर सातवा आहेच. रोज संध्याकाळी ती फोन करायची आणि मी साधे प्रश्न विचारायचे. घरात कशावरून बोलणी खातेस? कुणी न सांगता काय करतेस? कुठल्या गोष्टीवर तुझं आणि बाबांचं कायम वाजतं? मागच्या महिन्यात कशाचं खूप हसू आलं? ती मराठीत उत्तरं द्यायची, मराठी-इंग्रजी मिसळून, जशी बोलते तशी, आणि ते फोनमध्ये रेकॉर्ड करायची.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी बोलणी खाण्याच्या प्रश्नावर म्हणाली, दुकानात कुठेही गेलं की मी बिलाची बेरीज परत करते, आई चिडते, लोक बघतात म्हणते. मी विचारलं, कधीपासून? ती जरा थांबली. मग म्हणाली, आजोबांच्या वह्यांपासून.

तिच्या आजोबांचं गणपती पेठेत छोटं दुकान. पुरात दुकानात पाणी शिरलं आणि उधारीच्या वह्या भिजल्या. पाणी उतरल्यावर त्या वह्यांची पानं सुटी करून गच्चीवर दोरीला चिमट्यांनी वाळत घातली होती, काही पानांवर शाई पसरून नुसता निळा डाग. हिचं काम होतं वाळलेली पानं तारखेप्रमाणे लावायचं. जी पानं वाचता येत नव्हती त्यांचं काय करायचं, तर आजोबा गिऱ्हाइकांकडे गेले आणि विचारलं, तुमचं किती होतं? ज्याने जे सांगितलं ते लिहून घेतलं. हिने अकराव्या वर्षी स्वतःची एक वही केली, त्यात डावीकडे पानावर जेवढा आकडा दिसतो तेवढा, उजवीकडे माणसाने सांगितलेला, आणि जुळतात का ते बघायची. बरेचसे जुळले. काहींनी कमी सांगितलं, आणि दोघांनी जास्त सांगितलं, ते जास्त का सांगितलं ह्याचं कोडं तिला अजून सुटलेलं नाही आणि तेच बोलताना तिचा आवाज बदलला, भराभर बोलायला लागली. ती स्टॅटिस्टिक्स शिकायला चालली आहे हे मी सांगितलंच नाही, नाही का. हे तिने कुणालाच सांगितलेलं नव्हतं, काउन्सेलरना पण नाही, कारण तिला वाटलं ह्यात सांगण्यासारखं काय आहे, बक्षीस नाही, सर्टिफिकेट नाही.

पूर होताच त्यात. पण तो तिचा पूर होता.

मी म्हटलं आता हे लिहू नकोस, आधी आजीला सांग, मग मैत्रिणीला सांग. तिसऱ्यांदा सांगेपर्यंत काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते तिचं तिलाच कळलं. मग वीस मिनिटं घड्याळ लावून हाताने लिहिलं, न खोडता, मराठी शब्द आला तर मराठीच. त्यावरून इंग्रजी केलं, म्हणजे भाषांतर नाही, वही मिटून परत नव्याने सांगितलं. पहिला खर्डा बाराशे शब्दांच्या आसपास झाला, त्याचा ६५० करायला तीन आठवडे गेले आणि ते काम मात्र सोपं होतं, कारण कापायला काहीतरी होतं. सुरुवातीचा परिच्छेद सगळ्यात शेवटी लिहिला. माझी खात्री झालीय की पहिल्या वाक्यापाशी जी मुलं अडतात त्यांनी पहिलं वाक्य सोडून द्यावं, जिथून आठवतंय तिथून, मधूनच सुरू करावं.

एक इशारा इंग्लंडला अर्ज करणाऱ्यांसाठी, कारण भाचीची मैत्रीण तिथे करतेय आणि ती हाच निबंध थोडा बदलून तिथे टाकणार होती. तिकडच्या युनिव्हर्सिट्यांसाठी यूकॅस नावाचा एकच ऑनलाइन अर्ज असतो, तो वेगळा आहे. आधी एकच सलग लिखाण असायचं, २०२६ च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न केलेत, हाच विषय का, अभ्यासातून त्याची काय तयारी झाली, आणि अभ्यासाबाहेर काय केलंत, तिन्ही मिळून ४००० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. तिथे त्यांना विषयाबद्दल ऐकायचंय, आजोबांच्या वह्या तिथे फार तर दोन ओळीत येतील.

आणि आई-बाबांना हात जोडून सांगते, निबंध तुम्ही लिहू नका. लाखांनी फी घेणाऱ्यांकडून पण लिहून घेऊ नका. एआयकडून लिहून घेऊन स्वतःचा म्हणून देणं तर कॉमन ॲपच्या नियमांतच फसवणुकीत धरलंय. पण नियम नसता तरी मी हेच म्हटलं असतं, कारण त्या वहीतला उजवीकडचा आणि डावीकडचा आकडा दुसऱ्या कुणाला माहीतच नव्हता. ताईने पहिला खर्डा वाचून विचारलं की ह्यात स्कॉलरशिप परीक्षेतला नंबर कुठे आहे, मी तिला समजावलं की अर्जात बक्षिसांसाठी वेगळी जागा आहे, तिथे तो आलाय. तिला पटायला वेळ लागला. पण तिने परत बदल सुचवला नाही, आणि त्याबद्दल मला ताईचं फार कौतुक वाटतं, आईला गप्प बसणं सोपं नसतं.

आपल्याकडे विनंती एवढीच की पुरवणीत महिन्यातून एकदा अर्धं पान शाळेतल्या मुलांसाठी ठेवा, आठवी-नववीच्या, आणि त्यांना विषय देऊ नका, फक्त विचारा की घरात कशावरून बोलणी खातोस. मराठीत लिहू दे, पाच ओळी लिहिल्या तरी छापा. परदेशी जाणारी थोडीच असतात, पण हे सगळ्यांना लिहिता यावं असं मला मनापासून वाटतं. माझ्या मराठीच्या सहकारी शिक्षकांनाही सांगते, तोंडी परीक्षेला दहा मिनिटं असतात, त्यात हे एक विचारून बघा.

भाचीचा अर्ज गेलाय, उत्तर अजून यायचंय. तिचा निबंध ह्या पत्रासोबत पाठवू का असं मी विचारलं तर ती नाही म्हणाली, एवढं सांगायला तेवढी परवानगी दिली.

सांगली-मिरज-कुपवाड भागातल्या कुणा मुलाला-मुलीला असं अडायला झालं असेल तर रविवारी सकाळी मी घरीच असते, येऊन बसा, पैसे वगैरे काही नाही. माझा पत्ता आणि फोन आपल्या कार्यालयात कळवला आहे, तो विचारणाऱ्यांना द्यावा. येताना लॅपटॉप आणू नका, वही आणा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली